अडकलेला स्पार्क प्लग : पहिला पाव फेरा, आणि तुटलाच तर

प्लग तुटतो तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. 'टक्', एवढंच. पाना एकदम हलका लागतो आणि क्षणभर वाटतं, सुटला एकदाचा. मग सॉकेट वर काढून बघावं तर त्यात अर्धाच प्लग.

माझा पहिला असा प्लग आठ सिलिंडरच्या पेट्रोल ट्रकचा होता. सात निघाले होते. आठवा अगदी मागे, केबिनच्या भिंतीला टेकलेल्या सिलिंडरात. इंजिन अजून हाताला चटका देत होतं, अंधार पडायला आला होता आणि मला घरी जायचं होतं. वाचवलेल्या अर्ध्या तासाचे पुढे दोन दिवस झाले. हा लेख म्हणजे त्या दोन दिवसांत आणि नंतर शिकलेलं सगळं, पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यासाठी.

आधीच एक खुलासा. हे सगळं पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या इंजिनांसाठी आहे. डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतातच. काही डिझेल इंजिनांत ग्लो प्लग असतात. ते बारीक असल्यामुळे आणखी सहज तुटतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी, तो विषय इथे नाही.

अडकतो का?

प्लगचं अंग स्टीलचं आणि आजकालच्या बहुतेक इंजिनांची हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण ज्यात प्लग आवळलेला असतो ती, ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षं बसले, त्यात ओल शिरली, की गंज धरतो आणि आटे एकमेकांना चावतात. हे वरच्या बाजूचं झालं. खालच्या टोकाला, जिथे प्लग जळणाच्या खोलीत उघडा असतो, तिथे काजळी साठून दगडासारखी होते. प्लग वर यायला लागला की हीच काजळी आट्यांत पाचरीसारखी बसते. चुकीच्या लांबीचा प्लग घातला असेल, म्हणजे एक-दोन आटे खोलीत डोकावत असतील, तर हमखास.

तिसरं कारण माणसाचं. आधीच्या कुणीतरी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरावरच आवळणारा पाना) न वापरता, 'अजून थोडा' म्हणत प्लग आवळलेला असतो. आणि चौथं, विसर. प्लॅटिनम-इरिडियमचे प्लग लाखाच्या वर किलोमीटर चालतात, काही उत्पादक १,६०,००० किलोमीटरपर्यंतची मुदत देतात. तेवढा काळ त्या प्लगला कुणी हातही लावलेला नसतो.

हाताशी काय हवं

रबर किंवा चुंबक असलेलं प्लगचं लांब सॉकेट, योग्य मापाचं. बहुतेक ठिकाणी १६ मिमी किंवा २१ मिमी, काही नव्या इंजिनांत १४ मिमी. 'जवळपास बसतंय' असं सॉकेट वापरू नका, प्लगच्या षटकोनाच्या, म्हणजे सॉकेट जिथे बसतं त्या भागाच्या, कडा गोल झाल्या की पुढचं सगळं अवघड. लांब एक्स्टेन्शन, बऱ्यापैकी लांब दांड्याचं रॅचेट, टॉर्क रेंच. कार्ब क्लीनर किंवा गंज सोडवणारं तेल. कॉम्प्रेसरची हवा. चष्मा. हातभर रबरी नळी, जिचं काम शेवटी कळेल. शक्य असेल तर फोनला जोडायचा बोअरस्कोप, म्हणजे बारीक वायरच्या टोकाचा कॅमेरा. आधी मला तो चैनीचा वाटायचा, आता त्याच्याशिवाय मी हात घालत नाही.

प्लगपर्यंत पोचणं

इंजिन गार होऊ द्या. कोमट नको, गार. रात्रभर उभी राहिलेली गाडी सगळ्यात उत्तम. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम इंजिनात भोक मोठं होऊन प्लग सैल पडेल असा हिशोब कागदावर बरोबर दिसतो, आणि काही जण त्या भरवशावर गरम इंजिनावर काम करतातही. पण तापलेलं ॲल्युमिनियम मऊ असतं. आटे ओरबाडले जाऊन प्लगला चिकटून बाहेर येतात. बाहेर आलेल्या प्लगवर चांदीच्या तारेसारखं काही गुंडाळलेलं दिसलं तर समजा, ते तुमच्या हेडचे आटे आहेत.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्लगवर बसलेल्या, त्याला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलचे कनेक्टर सोडवताना सांभाळा, उष्णतेने त्यांचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. कुलूप दाबायचं आणि मग ओढायचं, उलट क्रमाने केलं की हातात तुकडा. कॉइल थोडी गोल फिरवून रबरी बूट सुटू द्या, मगच वर घ्या. प्रत्येक कॉइलवर सिलिंडरचा नंबर लिहून ठेवा.

आता प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो ज्या खोल भोकात बसतो तिथे, टॉर्च मारून बघा. माती, वाळू, कधी तेल, कधी पाणी. प्लग निघाला की हे सगळं थेट पिस्टनवर पडणार. म्हणून चष्मा घालून हवा मारा आणि विहीर स्वच्छ दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. विहिरीत तेल असेल तर वरच्या कव्हरचं सील गेलंय, तेही याच वेळी बदलून टाका.

पहिला पाव फेरा

पुष्कळ जण प्लग हलत नाही म्हटल्यावर वरून तेल ओततात आणि वाट बघत बसतात. त्याचा उपयोग फार कमी. प्लग पूर्ण बसलेला असताना त्याचा वॉशर किंवा निमुळती बैठक तिथे पक्कं सील करते, त्याचं कामच ते. तेल वरच थांबतं, आट्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी प्लग किंचित सैल करायचा, मग ओतायचं.

सॉकेट पूर्ण खाली बसलंय याची खात्री करा. एक हात रॅचेटच्या डोक्यावर ठेवून एक्स्टेन्शन सरळ धरा, दुसऱ्या हाताने दांडा ओढा. हिसका नको. जोर हळूहळू वाढवत न्या. तिरपा जोर पडला की पोर्सलीन तडकतं, त्यामुळे जागा अडचणीची असली तरी सॉकेटच्या अगदी वर हलणारा सांधा लावू नका, लावायचाच तर एक्स्टेन्शनच्या वरच्या टोकाला लावा.

प्लग हलला की लगेच थांबा. एक अष्टमांश, फार तर पाव फेरा. इथे सगळ्यांचा हात पुढे जातो, माझाही गेला होता.

आता विहिरीत थोडं कार्ब क्लीनर किंवा गंज सोडवणारं तेल सोडा, षटकोन बुडेल इतकंच, म्हणजे साधारण अर्धा-पाऊण चमचा. किमान १५ मिनिटं जाऊ द्या. मी तासभर देतो, आणि प्लग फारच हट्टी असेल तर रात्रभर. आजूबाजूला बिडी-काडी, हीटर, ग्राइंडर काही नको. हे द्रव पेट घेतात. ते विहिरीत असताना इंजिन सुरू करायचं नाही, हेही त्यातच आलं.

मग पुढे-मागे. पाव फेरा उघडा, अष्टमांश बंद करा. पुन्हा पाव उघडा, पुन्हा थोडा बंद. जड लागला की बंद दिशेला जा, थोडं द्रव टाका, थांबा. बंद करताना आट्यांत अडकलेली काजळी चुरली जाते आणि द्रवाला वाट मिळते. एकाच दिशेने रेटत राहिलात तर तीच काजळी पुढे ढकलली जाऊन घट्ट बसते.

या वेळी कान उघडे हवेत. 'चीं... चीं...' असा कोरडा आवाज म्हणजे आटे कोरडे आहेत, अजून द्रव हवं. फेरा सारखाच गुळगुळीत हलका होत गेला तर छान. पण जड असलेला फेरा अचानक लोण्यासारखा लागला आणि प्लग मात्र वर येत नसेल, तर थांबा. एक तर आटे गेलेत, नाहीतर प्लग मधे पिळला गेलाय.

आणि प्लग पहिल्यांदा हललाच नाही तर? बंद दिशेला अगदी किंचित नेट देऊन बघा, कधी कधी त्यानेच चिकटलेपण तुटतं. सॉकेट-एक्स्टेन्शन लावून वरून छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. सॉकेट पोकळ असल्यामुळे ठोका पोर्सलीनवर न बसता षटकोनावर बसतो. तरीही नाही, तर विहीर पूर्ण कोरडी असताना कॉइल-बॅटरी परत जोडून इंजिन थोडा वेळ चालवा, पुन्हा पूर्ण गार करा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. फुगण्या-आकसण्याने पकड ढिली होते. रॅचेटच्या दांड्यावर पाइप चढवायची वेळ आली, तर तुमची त्या दिवसाची मर्यादा आली असं समजा.

काही मुरलेले हात अशा वेळी इम्पॅक्ट गन अगदी कमी दाबावर 'टरर' करून वापरतात आणि त्यांना जमतंही. तुम्ही नवे असाल तर नको. गन हाताला काही सांगत नाही.

मुद्दाम सांगायचं एक इंजिन

फोर्डचं ५.४ लिटरचं, सिलिंडरमागे तीन वॉल्व्ह असलेलं ट्रायटन व्ही-८ या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. २००४ ते २००८ च्या एफ-१५० पिकअपमध्ये ते होतं. त्याचा मूळ प्लग एकसंध नसून दोन भाग जोडून केलेला होता, आणि खाली लांब, बारीक नळीसारखं कवच हेडमधल्या अरुंद भोकात उतरलेलं. त्या कवचाभोवती काजळी साठते. वरून प्लग फिरतो, खालचं कवच जागचं हलत नाही, आणि सांध्यातून दोन तुकडे होतात. फोर्डने मेकॅनिकांसाठी यावर स्वतंत्र तांत्रिक सूचना काढल्या. सार वर सांगितलं तेच: गार इंजिन, थोडासा सैल, क्लीनर, थांबणं, पुढे-मागे. पुढे इतर कंपन्यांनी याच्यासाठी एकसंध प्लग आणले. असं इंजिन हाती असेल तर प्लग तुटण्याची तयारी ठेवूनच सुरुवात करा, म्हणजे तुटलेलं कवच काढायचं हत्यार आधीच आणून ठेवा.

त्याच्या आधीच्या दोन वॉल्व्हच्या ट्रायटनची तक्रार नेमकी उलटी होती. हेडमध्ये आटेच कमी, त्यामुळे प्लग चालत्या इंजिनातून उडून बाहेर यायचे.

तुटला. आता?

पहिली गोष्ट, इंजिन फिरवू नका. स्टार्टर नाही, ढकलून नाही. काय तुटलंय, किती आत आहे, हे टॉर्चने आणि बोअरस्कोपने बघा. बाहेर आलेला तुकडा नव्या प्लगशेजारी ठेवा, आत काय राहिलंय ते लगेच कळतं.

फक्त वरचं पांढरं पोर्सलीन तुटलं असेल तर घाबरायचं कारण नाही. षटकोन शाबूत आहे. तुकडे हवेने किंवा व्हॅक्यूमने काढा आणि नेहमीच्या सॉकेटने पुढचं काम चालू ठेवा. सॉकेटमधलं रबर मात्र काढून टाका, तुकड्यावर अडकतं.

षटकोन तुटून आट्यांचा भाग हेडमध्ये राहिला तर काम वाढलं. आतलं पोर्सलीन अजून असेल तर ते आधी बाहेर घ्या. ते खाली निमुळतं असतं, म्हणून पकडीने वर ओढलं की येतं. आता रिकामी स्टीलची नळी उरते. त्यात क्लीनर सोडून थांबा, मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटलेल्या तुकड्यात आतून रुतवून तो फिरवायचं हत्यार. मिळत असेल तर सरळ कडांचा, चौकोनी एक्स्ट्रॅक्टर घ्या. पिळाचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर जितका आत जातो तितका ती पातळ नळी फुगवतो, आणि फुगलेली नळी हेडला जास्तच घट्ट धरते. हलक्या हाताने बसवा, खोलवर ठोकू नका, नाहीतर नळीच्या तळाला असलेली अर्थ इलेक्ट्रोडची पट्टी तुटून पिस्टनवर पडते. इथेही तेच पुढे-मागे.

एक्स्ट्रॅक्टर जड लागला तर त्याच्यावर जीव काढू नका. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही आणि मग हेड उतरवण्यावाचून फारसा इलाज उरत नाही. त्याऐवजी बारीक हॅकसॉच्या पात्याने नळीला आतून एक-दोन खाचा पाडायच्या, अगदी हेडच्या आट्यांपर्यंत न पोचता, आणि छोट्या छिन्नीने नळी आतल्या बाजूला चेपायची. सावकाशीचं काम आहे, पण होतं.

तिसरी तऱ्हा ट्रायटनसारखी: आटे सुटून आले, खालचं कवच आत अडकलंय. यासाठी लाइलसारख्या हत्यारांच्या कंपन्या तयार संच विकतात. आधी कवचातलं उरलेलं पोर्सलीन थोडं खाली ढकलायचं, मग कवचाच्या आत आटे पाडायचे, त्यात स्क्रू बसवायचा आणि वरचा नट फिरवत कवच सरळ वर ओढायचं. टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत भरपूर ग्रीस भरा म्हणजे चुरा त्याला चिकटून बाहेर येईल. टॅप एक-दोन फेऱ्यांनी काढा, पुसा, पुन्हा ग्रीस. कंटाळवाणं वाटतं. मी एकदा ते टाळलं आणि नंतर त्याच्या तिप्पट वेळ चुरा शोधण्यात घालवला.

आटे पाडण्याचं किंवा खाचा मारण्याचं काम सुरू करण्याआधी तो पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून ठेवता आला तर फार बरं. दोन्ही वॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे चुरा वॉल्व्हच्या बैठकीत शिरत नाही, आणि जे पडेल ते पिस्टनच्या डोक्यावर, भोकापासून जवळ असतं. इंजिन क्रँकच्या बोल्टवर पाना लावून हाताने, सावकाश फिरवायचं. आत मोठा सुटा तुकडा दिसत असेल तर तो काढेपर्यंत तेही नाही.

आत पडलेलं बाहेर

पोर्सलीन ॲल्युमिनाचं असतं, सिलिंडरच्या भिंतीपेक्षा कितीतरी कठीण. एक छोटा कण भिंतीवर ओरखडा काढू शकतो, वॉल्व्हखाली अडकला तर कॉम्प्रेशन गळतं. 'जळून जाईल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

चुंबकाला फक्त स्टीलचे तुकडे येतात, पोर्सलीन आणि ॲल्युमिनियम येत नाही. त्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला वायपरच्या पाण्याची बारीक नळी चिकटपट्टीने बांधा आणि ती भोकातून आत सोडा. पण क्लीनरची वाफ पूर्ण उडून गेल्यावरच. व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. व्हॅक्यूमला न येणारा कण ग्रीस लावलेल्या काडीला येतो. प्रत्येक वेळी बोअरस्कोपने कोपरे बघा, आणि जमलं तर बाहेर आलेले तुकडे जुळवून पाहा. फुटलेली कपबशी जोडावी तसं. एक तुकडा कमी असेल तर तो अजून आत आहे.

आटे गेले असतील तर

नवा प्लग बोटांनी नीट धरत नसेल तर आटे खराब आहेत. थोडेच मळलेले असतील तर आटे साफ करायचा टॅप, ग्रीस लावून, पुरेसा आहे. पूर्ण गेले असतील तर भोक वाढवून त्यात नवा आटा बसवावा लागतो. हेलिकॉइल म्हणजे तारेची गुंडाळी, आणि टाइम-सर्टसारखं म्हणजे स्टीलचा भक्कम बुश. प्लगच्या भोकासाठी मी बुशच पसंत करतो, कारण पुढच्या वेळी प्लग काढताना तारेची गुंडाळी त्याच्याबरोबर निघून येताना पाहिली आहे. बुशची लांबी प्लगच्या आट्यांच्या लांबीशी जुळायला हवी. भोक सरळ गेलं नाही तर प्लग तिरका बसतो आणि गळतो, म्हणून ड्रिलवर तुमचा हात बसलेला नसेल तर एवढं एक काम मशीन शॉपला द्या. त्यात कमीपणा नाही.

नवा प्लग बसवताना

आधी सिलिंडरमध्ये गेलेलं द्रव बाहेर काढायचं. पिस्टनवर ते साठलेलं असताना सगळे प्लग लावून स्टार्टर मारला तर द्रव दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सगळे प्लग बाहेर असताना, कॉइल सुट्या ठेवून, फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, बॅटरी तेवढ्यापुरती जोडून, विहिरींवर कापड टाकून स्टार्टर काही सेकंद मारा. तोंड बाजूला ठेवा, पिचकारी उडते.

आता ती रबरी नळी. प्लगच्या वरच्या टोकाला नळी खोचा, विहिरीत सोडा आणि नळीने फिरवा. आटा बरोबर लागला तर प्लग सहज खाली जातो. तिरका लागला तर नळी घसरते आणि आटे वाचतात. पान्याने हे कळत नाही.

शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. ट्रायटनला ३४ न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशर असलेल्या १४ मिमी प्लगला साधारण २५ ते ३०, निमुळत्या बैठकीच्या १४ मिमी प्लगला १० ते २०. टॉर्क रेंच नसेलच तर बोटांनी पूर्ण बसवल्यावर नव्या वॉशरच्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, आणि निमुळत्याला फक्त एक षोडशांश. हा फरक विसरून निमुळता प्लग अर्धा फेरा आवळला की पुढच्या माणसाच्या नशिबी हाच लेख.

आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावायचं की नाही, यावर दोन मेकॅनिक कधी एकमत होत नाहीत. प्लग बनवणारी एनजीके कंपनी लावू नका म्हणते: प्लगवर आधीच मुलामा असतो, आणि वंगणामुळे तोच टॉर्क दिला तरी प्लग जास्त आवळला जातो. मी मुलाम्याच्या प्लगला लावत नाही. ट्रायटनच्या खालच्या कवचाला मात्र, आट्यांना न लागू देता, निकेलच्या अँटी-सीझचा पातळ थर फोर्डनेच सांगितला होता, आणि तो लावावा.

कॉइलच्या बूटमध्ये चिमूटभर डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस, कनेक्टर 'टिक्' वाजेपर्यंत, फ्यूज परत जागेवर, बॅटरी. पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा धूर आणि अडखळ होईल, ते उरलेलं क्लीनर. दोनेक मिनिटांत थांबायला हवं. नाही थांबलं आणि स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०८ पैकी कोड आला, तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. आधी त्याचाच कनेक्टर बघा. दहातल्या आठ वेळा माझा तरी तिथेच अर्धवट बसलेला असतो. 'फुस् फुस्' आवाज येत असेल तर प्लग सैल आहे, इंजिन बंद करा, गार होऊ द्या आणि पुन्हा टॉर्क तपासा.

काढलेले जुने प्लग पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवार खोचून ठेवा. ज्या सिलिंडरात बुश बसवलाय त्याचा नंबर आणि तारीख गाडीच्या वहीत लिहा, आणि रंगाच्या पेनने वरच्या कव्हरवरही.